हातोडी वरच राहिली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहिलं. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही, भर दुपारी. बाजारातल्या दुकानांच्या एका मोठ्या इमारतीवर.

मामा गळकी छतं दुरुस्त करायचे. "आभाळ सोडून कुठलंही छप्पर सांधून देतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जोडीला धाकटा भाऊ. मिशा पिकल्या तरी सगळे त्याला छोट्याच म्हणायचे.

त्यांची पद्धत साधी. छोट्या आत स्टुलावर चढायचा आणि ओल दिसेल तिथं छताला बांबू ठोकायचा. मामा वर गच्चीला कान लावून ती जागा शोधायचे, खडूनं खूण करायचे. सगळं झालं की हातोडी तीनदा आपटायचे. म्हणजे, छोट्या, वर ये.

त्या दिवशी बाजार बंद होता. इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

ठक्... खूण.

ठक्... खूण.

मग बराच वेळ काहीच नाही.

"बसला वाटतं डुलक्या काढत!" मामा पुटपुटले.

आणि मग... ठक् ठक् ठक् ठक्. एकाच जागी. थांबेचना.

"अरे कळलं! कान किटले माझे!" मामा ओरडले. पण ती जागा कोरडी ठणठणीत होती. तडा नाही, काही नाही.

मामांना वाटलं, खाली काहीतरी बिनसलंय. हातोडी तिथंच टाकून ते जिन्याकडे धावले.

छोट्या फरशीवर पडला होता. स्टूल आडवं. डोक्याखाली रक्त. बांबूचे दोन तुकडे झालेले.

छत चांगलं दोन पुरुष उंच.

मग ठोकत कोण होतं?

विचार करायला सवड कुणाला होती! मामांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, दवाखान्यात फोन लावला. गाडी निघालीय, असं तिकडून सांगितलं. ती काही येईना. "अरे कुणीतरी या रे! माझा भाऊ मरतोय!" घसा फुटेस्तोवर ओरडले बिचारे.

छोट्यानं डोळे उघडले. मामांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात वरून...

ठण्. ठण्. ठण्.

हातोडी.

छोट्या उठायची धडपड करू लागला. "सोडा हो... दादा बोलावतोय वर."

"अरे मीच दादा! मी इथं आहे, तुझ्यापाशी! जाऊ नकोस रे!" मामांनी त्याला घट्ट आवळून धरलं.

परक्या माणसाकडे बघावं तसं छोट्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"आलो दादा," म्हणाला... आणि गेला.

नंतर लोक वर जाऊन आले. गच्चीवर कुणी नव्हतं. हातोडी मामांनी टाकली होती तिथंच पडलेली. तिच्याभोवती खडूची ताजी खूण होती. ती मामांनी केली नव्हती.

मामांनी काम सोडलं. आता आमच्याकडेच असतात. परवा संध्याकाळी सगळे चहा घेत बसलो होतो... आणि आमच्या छपरावर तीनदा आवाज झाला. मीही ऐकला, आईशपथ.

मामा उठून चपला शोधू लागले. आईनं त्यांचा हात धरला. "दादा, कुठं निघालास? मी आहे ना इथं, तुझी बहीण!"

परक्या बाईकडे बघावं तसं मामांनी तिच्याकडे पाहिलं.

"सोडा हो बाई," ते म्हणाले. "छोट्या वर थांबलाय."

तेव्हापासून आम्ही दाराला आतून कुलूप घालतो. किती दिवस पुरणार, देव जाणे.