अनोळखी पत्त्यावरून

माझा लॅपटॉप किंचाळत होता आणि मी त्याला छातीशी कवटाळून जिना उतरत होते, तेव्हा तो मला पहिल्यांदा भेटला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. वळणावरची खिडकी उघडी राहिल्याने पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. तो खालून वर येत होता, खांद्यावर केबलचं भेंडोळं. मला वाट द्यायला तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"भूक लागलीय वाटतं त्याला," तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला.

"व्हायरस आहेत. शेकडो."

"कोणी सांगितलं?"

"यानेच." मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. लाल पट्टी, ढालीचं चित्र आणि खाली लुकलुकणारं बटण – 'ताबडतोब साफ करा'. "संदर्भ शोधत होते, तेवढ्यात एक पान आपोआप उघडलं. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, हे संरक्षण उतरवून घ्या म्हणालं. मी घेतलं. आता पैसे भरा म्हणतंय."

"म्हणजे चोरानेच दार वाजवून सांगितलं, तुमच्या घरात चोर शिरलाय, मला आत घ्या."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, या, बसा."

मला राग यायला हवा होता. पण तो हे इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मला हसूच आलं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर परागकणांची प्रयोगशाळा आहे. नुकतीच एम.एस्सी. होऊन मी तिथे लागले होते. तळमजल्यावर कॉम्प्युटरची खोली, आणि तिथे हा. वय तिशीच्या आतलं, पण सगळी इमारत त्याला 'कुलूपकाका' म्हणायची. कारण कुणी टेबलावरून चहाला उठलं, की हा जाता जाता बजावायचा, "स्क्रीनला कुलूप लावा."

खोलीत गेल्यावर त्याने आधी लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं. "बाहेरची वाट बंद. आता याला कितीही ओरडू दे."

"थांबा," मी म्हटलं. "त्याला पुन्हा तपासायला लावू."

"कशाला?"

"प्रयोग एकदाच करून कसं चालेल?"

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी तपासणीचं बटण दाबलं. या वेळी व्हायरसचा आकडा वेगळाच आला. पुन्हा दाबलं, तर तिसराच. लॅपटॉप तोच, फाइली त्याच.

"हे काही मोजतच नाहीये," मी म्हटलं. "आकडे मनचे टाकतंय."

"हे आजवर कुणी करून बघितलं नव्हतं," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो लॅपटॉपकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "मी पण नाही."

मग तो ते खोटं संरक्षण उपटायला बसला. मध्येच म्हणाला, "पासवर्ड टाका," आणि पूर्ण मान वळवून भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर ओलीचा एक डाग होता, बाकी काही नाही. तरी तो असा बघत होता, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलंय.

"झालं?"

"झालं."

तेव्हाच त्याने मान परत वळवली. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून माझे सगळे पासवर्ड बदलायचे होते – मेलचा, बँकेचा, प्रयोगशाळेचा. दर वेळी तो भिंतीकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. त्याच्या उजव्या कानामागे एक तीळ आहे. मी एकेक अक्षर जरा जास्तच सावकाश टाइप केलं, हे इथे कबूल करते.

मग मी अधूनमधून खाली जाऊ लागले. बॅकअप कसा घ्यायचा, हे विचारायला. "दोन प्रती ठेवा. एक लॅपटॉपला जोडलेली नको. नाहीतर आग लागली तर दोन्ही एकाच घरात." अपडेट पुढे का ढकलायचे नाहीत, ते विचारायला. फसवा मेल कसा ओळखायचा, ते तर मी दोनदा विचारलं.

"तीन गोष्टी बघा," तो बोटं दुमडत सांगायचा. "घाई करायला लावतोय का? मन हलवतोय का? काही उघडायला सांगतोय का? तिन्ही एकत्र दिसल्या, की हात मागे. ओळखीचं नाव असलं तरी. नाव कुणीही लिहितं."

"आणि मेल खरा असला तर?"

"तर त्या माणसाला दुसऱ्या वाटेने विचारायचं. फोन करा, नाहीतर समोर जा. विचारल्याने कुणी मरत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि एक... जे खरं असावं असं आपल्याला फार वाटतं ना, तिथे दुप्पट सावध राहायचं. माणूस तिथेच फसतो."

तो हे भिंतीकडे बघून म्हणाला. मी तेव्हा काही टाइप करत नव्हते. पण ते लक्षात यायला मला पुढे बराच वेळ लागला.

एकदा मी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली लिलीचे परागकण दाखवले. एक डोळा मिटून तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"फुलावर कुठून कुठून पराग येऊन पडतात," मी सांगितलं. "वाऱ्याने, किड्यांच्या पायांनी. त्यातल्या कुणाला आत येऊ द्यायचं, ते फूल ठरवतं."

"म्हणजे आमच्याच खात्यातलं आहे." त्याने डोळा न हलवता विचारलं, "फूल कधी चुकतं का हो?"

"चुकतं ना."

"भलत्याला आत घेतं?"

"कधीकधी. कधी योग्य असेल त्यालाही नाकारतं."

त्या दिवशी मी त्याला प्रयोगातून उरलेली लिलीची एक कुंडी दिली. नुसती पानं होती. त्याने ती खोलीच्या खिडकीत ठेवली आणि विचारलं, "हिला अपडेट किती दिवसांनी?"

"माती सुकली की पाणी. बस्स."

पण माझं एक चुकलं. मी सगळं फार नीट शिकले. माझा लॅपटॉप ठणठणीत झाला. अपडेट वेळेवर, बॅकअप कपाटात, पासवर्ड लांबलचक. खाली जायला कारणच उरेना. प्रयोगशाळेच्या मॅडमने भरभरून काम दिलं होतं, आणि मी तिसऱ्या मजल्यावर बसून परागकण मोजत होते. मोजता मोजता मन जिना उतरून जायचं... आणि आकडा चुकायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"इतकं बरं नसतं," ताई म्हणाली. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो, आणि ताईला माझ्या तोंडावरचं सगळं वाचता येतं. "थोडा बिघडू दे की तो डबा. की मी सांडू त्यावर चहा?"

"ताई."

"नाही, विचारलं फक्त."

मग बातमी आली. कुलूपकाकाला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी लागली. शुक्रवारी सकाळी निघणार. ही बातमी मला मॅडमने दिली, त्याने नाही. मी "अरे वा" म्हटलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी उलटी लावली.

मंगळवारी घरी मेल उघडला, तर एक अनोळखी पत्ता. अक्षरं, मध्येच आकडे. विषय – 'कृपया लवकर वाचा'. आत लिहिलं होतं: 'तुम्ही खाली येत नाही, तर दिवस सुना जातो. निघण्याआधी एकदा भेटायचं आहे. शुक्रवारच्या आत उत्तर द्या. सोबतचा फोटो जरूर उघडून पाहा.' आणि खाली त्याचं नाव.

माझे कान तापले. मी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचताना बोटं आपोआप दुमडली. घाई. मन हलवणं. काहीतरी उघडायला सांगणं. त्याचा पत्ता तर मला पाठ होता, आणि हा तो नव्हता. सगळ्या इमारतीला माहीत होतं तो जाणार आहे. कुणीही हे लिहू शकलं असतं.

आणि मला ते खरं असावं असं किती वाटत होतं... म्हणजे दुप्पट सावध.

मी फोटो उघडला नाही. मेल कायमचा पुसला, पत्ता अडवून ठेवला. डोळे चुरचुरले, ते स्क्रीनमुळे असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी निदान खाली जायला कारण तरी मिळालं. खोलीत खोके भरणं चाललं होतं.

"तुमची विद्यार्थिनी पास झाली," मी दारातूनच म्हटलं. "काल एक फसवा मेल आला. आतला फोटो न उघडता उडवला."

"छान. कसला होता?"

"तुमच्या नावाने होता." मी हसले. ते हसणं जरा मोठंच झालं. "'दिवस सुना जातो' म्हणे. अगदी सिनेमातलं. तुम्ही असं लिहाल का कधी?"

त्याच्या हातात चिकटपट्टी होती. ती त्याने खोक्याच्या कडेला लावली, ती वाकडी गेली, त्याने ती उपटली.

"नाही," तो म्हणाला. "सिनेमातलंच वाटतंय."

"पत्ता पण अडवून टाकला मी."

"बरोबर केलंत." त्याने मान वळवून भिंतीकडे बघितलं. "अगदी बरोबर. असंच करत जा."

'तुम्हीच पाठवला होता का?' एवढंच विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण तो 'नाही' म्हणाला असता तर... तर मंगळवारी तो मेल मला खरा वाटला, ती चार मिनिटंसुद्धा माझ्याकडे उरली नसती. मी वर निघून आले.

गुरुवारी संध्याकाळी ताई भांडी धूत होती, मी पुसत होते. मी तिला सगळं सांगितलं, हसत हसत, जणू दुसऱ्या कुणाची गंमत.

"मग विचारलंस का त्याला, तूच पाठवलास का?"

"कसं विचारणार? तो म्हणाला ना, बरोबर केलंत. भिंतीकडे बघून म्हणाला..."

माझा हात ताटलीवरच थांबला.

तो भिंतीकडे कधी बघतो? समोरचं माणूस पासवर्ड टाकतं तेव्हा. जे आपलं नाही, ते बघायचं नाही म्हणून. पण काल मी काहीच टाइप करत नव्हते. आणि त्या दिवशीही नाही, 'माणूस तिथेच फसतो' म्हणाला तेव्हा. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. हे दोनदा झालं होतं.

"काय गं?" ताई म्हणाली.

"मी शेवटची पायरी केलीच नाही."

"कसली पायरी?"

"दुसऱ्या वाटेने विचारायची."

"मग ती ताटली ठेव खाली आधी. सेटमधली आहे."

शुक्रवारी सकाळी पाऊस तिरपा पडत होता. खोली रिकामी झाली होती. भिंतीवरचा डाग तेवढा होता, आणि तो, कोटाच्या आत लिलीची कुंडी सांभाळत.

"एक खात्री करायची होती," मी म्हटलं. शब्द मी रात्री पाठ केले होते. "मंगळवारी एक मेल आला. अनोळखी पत्त्यावरून. तो तुम्ही पाठवला होता का?"

तो मान वळवू लागला.

"भिंतीकडे नका बघू. मी पासवर्ड टाकत नाहीये."

तो थांबला. मग माझ्याकडे बघितलं, सरळ.

"हो," तो म्हणाला. "मीच."

खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"मग तो तसला पत्ता का?"

"जाणाऱ्या माणसाचं ऑफिसचं खातं आठवडाभर आधी बंद करायचं, असा नियम आहे."

"कुणी केलाय?"

"मीच केलाय."

मला हसू आवरेना, आणि त्यालाही.

"तोंडाने सांगायला जमत नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही समोर असलात, की मला दुसरीकडे बघायची इतकी सवय झालीय. लिहिलं, तर तुम्ही म्हणालात सिनेमातलं. मला वाटलं, ही तुमची नाही म्हणायची सभ्य पद्धत."

"मी तीन वेळा वाचला तो."

"आणि मग पुसलात."

"तुम्हीच शिकवलंत."

"हो," तो म्हणाला. "शिकवणाऱ्याला धरून बडवलं पाहिजे."

"फोटो कसला होता?"

त्याने कोटाची कड बाजूला केली. कुंडीत एक पांढरं फूल उमललं होतं, एकच, कडांना जरा चुरगळलेलं. त्याचे पराग कोटाच्या अस्तराला लागून पिवळा डाग पडला होता. तो आता जाणार नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

"मी थांबू शकत नाही," तो हळूच म्हणाला. "सोमवारी तिकडे हजर व्हायचंय."

"माहीत आहे."

"दर दोन आठवड्यांनी येईन म्हणतो... चालेल?"

"तोवर लिही," मी म्हटलं. 'लिहा' म्हणणार होते, पण निघालं तसं. तो चमकला, आणि कानापर्यंत लाल झाला.

"आणि तू पुन्हा पुसलंस तर?"

मग त्याच्यातला कुलूपकाका जागा झाला. म्हणाला, आपण खुणेचा एक शब्द ठरवू. फक्त आपल्या दोघांना माहीत असलेला. तो मेलमध्ये दिसला, की समजायचं मीच आहे. फाटकापाशी एका छत्रीत उभं राहून आम्ही तो ठरवला. मी तो त्याच्या उजव्या कानात सांगितला, तिळाच्या अगदी जवळ. मग गाडी आली, आणि कोटात कुंडी घेऊन तो गेला. गाडीच्या काचेवर वाफ धरली होती. त्याने ती हाताने पुसली, आणि वळणापर्यंत तो माझ्याकडेच बघत होता.

घरी येऊन मी तो पत्ता मोकळा केला. रविवारी ताई बाहेर गेली होती, घर शांत होतं. मेल आला. घाई नव्हती. फोटो मात्र होता. मी पत्ता पुन्हा एकदा, अक्षर अक्षर, तपासला. शेवटच्या ओळीत तो शब्द होता. मी फोटो उघडला. एका अनोळखी खिडकीत लिली, बाहेर तिकडचं आभाळ, आणि काचेत त्याचं अर्धं प्रतिबिंब, समोर बघणारं.

आता तिसऱ्या मजल्यावर परागकण मोजताना माझा आकडा अजूनही चुकतो. त्यावर काही उपाय सापडलेला नाही. ताई रोज विचारते, तो शब्द कोणता गं? चहाचं आमिष दाखवून झालं, रुसून झालं.

मी सांगत नाही. त्यानेच शिकवलंय.