वेदरॉलचे मतदार

अँथनी वेदरॉल निवडणुकीला उभा राहिला की व्हर्जिनियातल्या त्या काउंटीत आठवडाभर आधीपासून अख्खी डुकरं आगटीवर चढायची आणि रमची पिंपं उघडायची. मतदारांना असं खाऊपिऊ घालणं कायद्यानं गुन्हा होता. पण कायदा करणारेच पंगती मांडायचे, मग बोलणार कोण? वेदरॉल तंबाखूचा बडा मळेवाला. नदीकाठची जमीन त्याची, तीवर राबणारे काळे गुलाम त्याचे आणि राजधानी विल्यम्सबर्गच्या कायदेसभेतली जागाही, लोकांच्या लेखी, त्याचीच. त्या सभेबाहेर आपण कोण, हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नव्हता. विचारायची हिंमतही नव्हती.

यंदा मात्र गाडं अडलं होतं. डोंगराकडून नव्यानं आलेला कॅलेब स्ट्राउड नावाचा तरणाबांड गडी समोर उभा होता, आणि लोक त्याच्याकडेही पोटभर जेवून येत होते.

कोर्टाच्या खोलीत लांब टेबल मांडलेलं. मध्ये शेरिफ, दोन्ही टोकांना दोघे उमेदवार. मत फक्त जमीनवाल्याला. त्यानं पुढं यायचं, सगळ्यांदेखत मोठ्यानं नाव सांगायचं, तितक्याच मोठ्यानं मत सांगायचं. ज्याला मत मिळालं त्यानं उठायचं, झुकायचं, त्याचा हात हातात घेऊन आभार मानायचे. एकदा आभार मानले की मत स्वीकारलं. मग तो त्या माणसाचा प्रतिनिधी, आवडो न आवडो. सकाळपासून उठबस करून वेदरॉलच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. आभाराचे शब्द आता तोंडातून आपोआप पडत होते.

दुपार कलली तेव्हा मतं बरोबरीत होती. शेवटपर्यंत तशीच राहिली तर कौल शेरिफचा, आणि हा नवखा शेरिफ तर स्ट्राउडच्याच घरी उतरलेला. वेदरॉलनं बाहेर येऊन आपल्या गुलाम गाडीवानाला, कफीला, गाठलं. जो कुणी आपला म्हणून उरला असेल, लंगडा असो की तापानं फणफणलेला, त्याला गाडीत घालून आण, असं त्यानं बजावलं. "रिकामा आलास तर याद राख."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. शेरिफनं मतदान संपल्याचं सांगायला घसा खाकरला आणि बाहेर चाकांचा आवाज आला.

आत आलेल्या माणसानं टोपी काढली नाही. तो सावकाश, एकेक पाऊल टाकत टेबलापाशी आला. त्याच्याबरोबर ओल्या चिकणमातीचा वास आला. अंगावरचा निळा कोट वेदरॉलनं लगेच ओळखला. तो त्याचाच जुना कोट होता. मार्चमध्ये त्यानं तो आपल्या जुन्या मतदाराच्या, पिंकार्डच्या, बायकोकडे पाठवला होता, नवऱ्याच्या प्रेताला घालायला.

"नाव?" शेरिफनं विचारलं.

"जेथ्रो पिंकार्ड."

"मत?"

"मिस्टर वेदरॉल."

शेरिफ नवा, स्ट्राउड नवा, त्यांना पिंकार्ड कोण ते काय ठाऊक? बाकीची मंडळी बाहेर पिंपांपाशी झिंगलेली. खोलीत या माणसाच्या शवपेटीला खांदा दिलेला एकटा वेदरॉलच होता. हा मेलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे हार.

तो उठला. झुकला.

"आभारी आहे, जेथ्रो. हे मत मी विसरणार नाही."

हातात आलेला हात गार होता आणि जड होता. तो सुटायला जरा वेळ लागला.

शेरिफनं निकाल सांगितला. बाहेर चारदोन टोप्या उडाल्या. वेदरॉलला फक्त घर गाठायचं होतं. तो गाडीपाशी आला तर आत पिंकार्ड बसलेला. ज्याला आणलं त्याला परत पोचवायचं, ही उमेदवाराची रीत पिंकार्डला पक्की माहीत होती.

"याला कुठून आणलंस?" वेदरॉल कफीच्या कानाशी कुजबुजला.

"चर्चच्या फाटकापाशी उभे होते, मालक. हात केला त्यांनी. तुम्ही रिकामा येऊ नको म्हणालात."

"आणि तू ओळखलं नाहीस?"

"ओळखलं की," कफी म्हणाला आणि त्यानं दार उघडून धरलं.

लोक बघत होते. जिंकलेल्या माणसाला लोकांदेखत पळून जाता येत नाही. वेदरॉल आत बसला, पिंकार्डच्या समोर. पिंकार्डची नजर त्याच्यावरून हलली नाही. पापणीही नाही. तुझी बायको बरी आहे, मळा ठीक आहे, असं काहीबाही वेदरॉल बोलत राहिला. गप्प बसायची त्याला भीती वाटत होती.

चर्च आलं. गाडी थांबली. पिंकार्ड उतरला नाही.

"पुढं चला, साहेब. बाकीच्यांची मतं राहिलीत. त्यांना वेळेत पोचता आलं नाही."

कफीनं न विचारताच घोडे मळ्याच्या मागच्या वाटेला वळवले. तंबाखूच्या कोठारांमागं पाइनची राई होती. वेदरॉलचे मेलेले गुलाम तिथं पुरत. ना दगड, ना फळी. मातीवर खुणेला फुटके पेले आणि बशा तेवढ्या मांडलेल्या. वेदरॉल तिथं कधी आला नव्हता.

ते रांगेत उभे होते. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता, त्यामुळं चेहरे दिसत होते.

हयातीत यांतल्या एकाच्याही नावावर वीतभर जमीन नव्हती. आता प्रत्येकाकडं आपापल्यापुरती होती.

पहिला पुढं आला. त्यानं मोठ्यानं नाव सांगितलं. वेदरॉलनं त्याला दिलेलं नाव ते नव्हतं.

"माझं मत मिस्टर वेदरॉलना."

वेदरॉलनं दात आवळले. पण तो उठला होता. झुकला होता.

"आभारी आहे," त्याची जीभ म्हणाली.

दुसरा. मग एक बाई. मग पाठीवर वळ असलेला एक म्हातारा. गार हात, आणखी एक गार हात. त्याला ओरडायचं होतं. दर वेळी तोंडातून आभारच निघाले.

रांग संपली.

"एकमतानं," पिंकार्ड म्हणाला. "अभिनंदन, साहेब."

झाडांमागून चौघं खुर्ची घेऊन आले. निवडून आलेल्याला खांद्यावरून नेतात, तशी. त्यांनी ती गाडीसमोर टेकवली. कफीनं टोपी काढून छातीशी धरली.

"बसा, मालक. लोक खोळंबलेत."

वेदरॉलनं घराकडं पाहिलं. खिडक्यांत दिवे लागत होते. त्यानं बायकोला हाक मारली. निदान त्याला तसं वाटलं. ऐकू आलं ते त्याचं नेहमीचं, खणखणीत "आभारी आहे."

चौघांनी खुर्ची उचलली. मिरवणूक राईत आत, जिथं झाडं दाट होती तिकडं निघाली, आणि वेदरॉल दोन्ही बाजूंना मान लववत राहिला.