परत मिळालेला उतारा

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण हे आमच्या कुटुंबात घडलंय. गेल्या डिसेंबरात, इंग्लंडमध्ये, साउथहॅम्प्टनच्या बाहेर, कौंटी कौन्सिलच्या पार्कमध्ये. संध्याकाळी, गेट बंद व्हायच्या जरा आधी.

माझ्या धाकट्या बहिणीची, आसावरीची मुलगी अन्वी. सहा वर्षांची. तापाने फणफणली होती. हॉस्पिटल झालं, सगळ्या टेस्ट झाल्या, रिपोर्ट नॉर्मल. पोर डोळेच उघडत नव्हती.

शेवटी आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "उतारा काढा. चार वाटा मिळतात तिथे ठेवायचा. मागे वळून बघायचं नाही. घरी येईपर्यंत बोलायचं नाही."

मी असलं काही मानत नाही. पण आमचा धीरच सुटला होता.

इथे चौक कुठले, सगळे राउंडअबाउट. म्हणून पार्क गाठलं. झोपाळ्यांच्या पुढे चार पायवाटा मिळतात. मी अन्वीला घेऊन गाडीत थांबले. आसावरी अन्वीवरून उतरवलेला दहीभात आणि लिंबू प्लेटमध्ये घेऊन गेली.

परत आली तेव्हा...

तिच्या हातात तीच प्लेट होती.

"अगं, हे काय?"

ती रडायलाच लागली. "ताई, पार्कचा राखणदार, रेंजर होता. मागून म्हणाला, 'एक्स्क्यूज मी लव्ह, यू लेफ्ट धिस.' मी वळले. सॉरी म्हटलं, थँक यू म्हटलं... आणि घेतली."

इतकी वर्षं इथे राहून तोंडात बसलेली सवय. दुसरं काय.

मी पायवाटेकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.

त्या रात्री अन्वीचा ताप आणखी चढला. सकाळी कौन्सिलला फोन केला. हिवाळ्यात तिथे रेंजर नसतोच, म्हणाले.

मग नवीन उतारा घेऊन मी स्वतः गेले. आसावरीला म्हटलं, तू तिच्याजवळ बस.

प्लेट ठेवली. वळले. चालायला लागले.

पाखरांचा आवाज एकदम थांबला...

"एक्स्क्यूज मी, लव्ह."

मी थांबले नाही.

पुन्हा तेच. या वेळी अगदी पाठीशी. मी ओठ घट्ट मिटून चालत राहिले.

मग बराच वेळ काहीच नाही. गाडी दिसायला लागली.

आणि मागून...

"मावशी, वेट ना. मला शूज नाहीये."

अन्वी.

अन्वी तर घरी होती. बेडवर, आईच्या कुशीत. मला ठाऊक होतं. तरी चाल मंदावली.

"मावशी, थंडी वाजते."

मी वळले नाही. रडत गाडीत बसले आणि निघाले.

घरी दार उघडलं तर अन्वी उठून बसली होती. टोस्ट खात होती. कपाळ गार. आसावरी माझ्या गळ्यात पडून हमसून रडली. मीही रडले.

अन्वी आता ठणठणीत आहे. शाळेत जाते, हसते, सगळ्यांशी गोड बोलते.

फक्त मला हाक मारत नाही. मी खोलीत आले की खाणं थांबवते आणि बघत राहते... मी निघून जाईपर्यंत.

आसावरीला मी मागून आलेल्या त्या हाकेबद्दल काहीही सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

आत्ता हे पार्कच्या गेटबाहेर गाडीत बसून लिहितेय. पाऊस पडतोय. शेजारच्या सीटवर सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचे शूज आहेत. नवे घेतले.

आत जायची हिंमत होत नाही, आणि घरीही जाववत नाही.