वर टाकलेला तुकडा

"तुमचा काटा खोटा आहे," काउंटरवर डबा आपटत ती म्हणाली, आणि मटणवाल्याची सुरी हातातच राहिली.

डब्यात शिजवलेलं चिकन होतं. काल पाव किलो नेलं आणि शिजवून मोजलं तर कितीतरी कमी भरलं, म्हणे! त्याला हसू आवरेना. शिजताना पाणी सुटतं, वजन घटतं. मोजायचं ते कच्चं, हाडं-चरबी काढून, हे त्यानं सांगितलं तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. ती बॉक्सर होती. स्पर्धेच्या वजनगटात बसायचं म्हणून घासन् घास मोजून खायची आणि मोजायची मात्र चुकीचं.

"मग रोजची पुडी तुम्हीच मोजून द्या," ती म्हणाली. "घरचा काटा देऊन टाकते वहिनीला. आता सगळा भरवसा तुमच्यावर."

"बघा हं, पैलवान..."

रोज संध्याकाळी ती येऊ लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिच्या सायकलची घंटी वाजली की हा ॲप्रन बदलायचा, आणि गल्ल्यावर बसलेली त्याची आत्या गालातल्या गालात हसायची. पण पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिचे खोल गेलेले डोळे पाहून त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. म्हणून काट्यावरून पुडी उतरवली की तो गुपचूप एक तुकडा वर टाकायचा. आवडत्या गिऱ्हाइकाला देतातच की! वेडा कुठला, यालाच तो प्रेम समजत होता.

मग तिचं वजन उतरायचंच थांबलं. चोरून खातेस, असं कोच सगळ्यांसमोर बोलले. तिनं रात्रीचं जेवण सोडलं. एकदा भरल्या डोळ्यांनी तिनं त्यालाच विचारलं, "माझं काय चुकतंय रे?" तेव्हा तरी बोलायचं! शब्द ओठांवर आलेही... पण त्यानं ते गिळले, आणि त्या दिवशी एकाऐवजी दोन तुकडे टाकले.

स्पर्धेच्या सकाळी तिचं वजन जरासंच जास्त भरलं. रिंगणात पाऊल न टाकताच ती परत आली.

संध्याकाळी त्यानं सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून.

"का केलंस असं?" तिनं विचारलं.

"तू आवडतेस... म्हणून."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"स्पर्धा झाली की मीच विचारणार होते तुला," ती हळूच म्हणाली. "आत्यांना सांगूनही ठेवलं होतं."

त्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळ्यांना पदर लावला होता.

"मग... आता विचार ना," तो कसाबसा म्हणाला.

तिनं सायकलचं हँडल धरलं. "सगळ्यांनी मला खोटं ठरवलं, आणि खरं फक्त तुला माहीत होतं. आता तू प्रेमानं काहीही दिलंस ना, तरी मी ते आधी मोजून बघेन. असा संसार होतो का रे?"

तो रिकाम्या काट्याकडे बघत राहिला. ती थोडा वेळ थांबली, खरंच थांबली, आणि मग निघून गेली.