न डागाळणारे वीस कोट

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर दीपमालाची लॉन्ड्री. एका दुपारी दारात एक तरुण येऊन उभा राहिला. घामाघूम, रागावलेला... पण दिसायला बरा!

"मी संघदीप, यवतमाळचा टेलर. शीलाताईच्या केटरिंगचे कोट खराब केले तुमी. डाग न धरणारं कापड होतं ते!"

"कायनं खराब केले?"

"तुमच्या धुण्यानं!"

दीपमालानं कोपऱ्यातला गठ्ठा दाखवला. "आज सकाळीच आले. अजून पाणीबी लागलं नाई त्यायले."

तिनं एक कोट नाकाशी नेला. डाळीच्या डागाआडून गुलाबाचा वास येत होता.

"द्यायच्या आधी कोणी धुतले?"

"मीच... मऊ व्हावे म्हणून सुगंधी लिक्विड टाकलं जरासं."

"मंग त्याचाच थर बसला कापडावरच्या लेपावर. डाळ चिकटनच!"

तिनं एक टेरीकॉटचा आणि एक सुती असे दोन कोट धुतले, तीनदा खंगाळले, वाळवून कोमट इस्त्री फिरवली. टेरीकॉटवर टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळला. सुती कोटावर मात्र हळूहळू पसरला.

"सुतीवरचा लेप लवकर झिजते," ती म्हणाली.

"आपल्या मुलखाचा कापूस म्हणून आठ कोट सुती शिवले होते मी," तो पुटपुटला.

संध्याकाळी शीलाताई आल्या, त्या तणतणतच. त्यांचं मोठं काम दोघांकडेही होतं. लॉन्ड्रीवर बोट दाखवून संघदीप सहज सुटला असता.

"चूक माही हाय, ताई," तो सरळ म्हणाला. "आठ कोट नवे शिवून देतो. यायच्यामुळं बाकीचे बारा तं वाचतीन."

दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग दर मंगळवारी तो एक शर्ट घेऊन यायला लागला. चौथ्या मंगळवारी तिनं घडी उलगडली.

"हाबी तं धुतलेलाच हाय."

"हाव."

"मंग कायले आणला?"

"ते... म्हणजे..." त्याचे कान लाल झाले.

"उद्या रिकाम्या हातानं या. घरी. आईले सांगून ठेवलं मी — मले पोरगा पसंत हाय म्हणून."

"अन् मले कोणी इचारलं?"

"चार मंगळवारचे चार धुतलेले शर्ट. अजून काय इचारू?"

संघदीप खळखळून हसला. शर्ट तसाच टाकून त्यानं भर बाजारात, काउंटरवरचा तिचा हात धरला. दीपमालानं तो सोडवला नाही.