हेडरमधलं नाव

सर्व्हर रूमचं दार स्वरूपानं खांद्यानं ढकललं. दोन्ही हातांत वेल्डिंग तडकलेला लोखंडी ब्रॅकेट होता, आणि तो तिला कुणाच्या तरी टेबलावर आपटायचाच होता.

आपटला. चहाचा कागदी कप उडाला.

"आयटीवाला कोण हाय इथं?"

आत एकच माणूस होता. बाहेर चाकणचं ऊन मी म्हणत होतं आणि हा गडी एसीत जर्किन घालून गारठून बसलेला. त्यानं आधी कप उचलला, मग कीबोर्ड झटकला, मग चष्म्यावरचा चहा पुसून तिच्याकडे बघितलं.

"मीच. निमिष. तक्रार ऑनलाइन टाकायची असते, मॅडम."

"टाकली. तीनदा. तुमचा सर्व्हर तक्रारी खातो का पितो?"

त्याला हसू आलं. ते त्यानं गिळलं, हेही तिनं बघितलं... आणि तिचा राग आणखी चढला. हसू चांगलं होतं, म्हणून.

स्वरूपा क्वालिटीत तपासनीस होती. चार वर्षं दापोडीहून पहाटेची कंपनी बस पकडत होती आणि चारही वर्षं कंत्राटी. घाम कंपनीचा, चूक कंत्राटी माणसाची, हा इथला कायदा. गेल्या सोमवारी तिनं डिस्पॅचला मेल टाकला होता — वेल्ड तडकतंय, माल मी थांबवलाय, गाडी सोडू नका. तरी कुणीतरी माल पास दाखवून गाडी सोडली. बाराशे ब्रॅकेट ग्राहकाकडून परत आले. आणि आज तिचे साहेब, खर्चे, सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबवा म्हणून मेल मी टाकला होता. हिनंच माल पास केला." डिस्पॅचच्या संगणकावर मेल उघडून दाखवला. शब्द न् शब्द तिचा. पाठवणाऱ्याचं नाव खर्चेचं. शनिवारी अकराला चौकशी होती, आणि बाराला ती कायमची घरी बसणार हे झाडूवालीलाही माहीत होतं.

"माझ्या संगणकावर बघितलं तर माझं नाव दिसतंय. तिकडं पोचेपर्यंत त्याचं होतंय," ती म्हणाली. "मधे कोण बसलंय?"

निमिषचा चेहरा उतरला. तिला वाटलं, एसीनं.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत या," तो हळू म्हणाला. "डिस्पॅचकडून तो मेल काढून ठेवतो. आणि... ब्रॅकेट आणू नका."

"बघू. चहा कसा देताय त्याच्यावर हाय."

दुसऱ्या दिवशी ती गेली. चहा आलं घालून केलेला होता. पाचच मिनिटांत तिचे दात वाजायला लागले तेव्हा त्यानं काही न बोलता जर्किन काढून खुर्चीवर टाकलं. तिनं तीन वेळा नको म्हटलं आणि चौथ्यांदा घातलं.

"बाह्या लांब हायत."

"हात लांब आहेत माझे."

"अक्कल किती लांब हाय ते दाखवा आता."

तो हसला, यावेळी न गिळता. स्क्रीनवर ओळींचं जंगल उघडलं.

"हे हेडर. गेटपास असतो ना गाडीचा? प्रत्येक गेटवर शिक्का. तसंच. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो आपला शिक्का वर मारतो. म्हणून खालून वर वाचायचं. सगळ्यांत खाली... हे बघा."

त्याचं बोट जिथं थांबलं तिथं तिचं लॉगिन होतं. सोमवार, सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. त्याच्यावर एक ओळ — मूळ प्रेषक, स्वरूपा.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते त्याच्याच बाहीला पुसलं.

"मग खर्चे कुठून आला?"

निमिषनं बोट एक ओळ वर सरकवलं.

"त्याच्या वरची ओळ," तो म्हणाला. "सर्व्हरवर एक नियम आहे. कंत्राटी माणसाचा मेल गेला की पाठवणाऱ्याचं नाव बदलून खर्चे सरांचं लावायचं. बत्तीस जणांना लागू. दोन वर्षांपूर्वी... मी लिहिलाय तो."

"तुम्ही?"

"नोकरी नवी होती. खर्चे सर म्हणाले, ग्राहकाला कायमचीच माणसं दिसली पाहिजेत. मूळ नाव पुसून टाक म्हणाले होते. ते मात्र पुसवलं नाही माझ्यानं. आतल्या ओळीत ठेवलं. कुणाचे मेल अडकले की हेडर उघडायचो... तुमचं नाव रोज दिसायचं. रोज वाटायचं, जाऊन सांगावं —"

"मग पाय मोडले होते?"

"भीती वाटली."

"लई उपकार झाले!" ती उठली. "बत्तीस जणांची नावं तळघरात कोंडली आणि वर त्या माणसाचा फोटो लावला. आणि मी येडी, तुमचं जर्किन घालून बसलीय!"

जर्किन त्याच्या तोंडावर गेलं. हेडरची प्रिंट मात्र तिनं उचलली.

शनिवारी अकराला तीच प्रिंट मुठीत धरून स्वरूपा उभी राहिली. प्लांट हेडनं कागद उलटासुलटा केला. खर्चे म्हणाला, "असले कागद कुणीही छापतं, सर."

तेवढ्यात दार वाजलं. निमिषला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला, लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि सगळं सांगितलं. नियम कुणी लिहिला, तेही. स्वतःचं नाव गाळलं नाही.

"मी सांगितलं? लेखी दाखव!" खर्चे ओरडला.

"तोंडी सांगितलं होतं. मेल केला असता तर त्यालाही हेडर असतं, सर."

स्वरूपाची नोकरी वाचली. निमिषला निलंबित केलं. आणि खर्चे? खर्चे जेवायला गेला. असल्यांचं जेवण कधी चुकत नाही.

चार वाजता चहावाल्या दुर्गाबाई धापा टाकत आल्या. "पोरी, त्या चष्म्यावाल्याकडून समदं जमा करून घेत्यात गेटवर. जायाचं तर जा. मंग माज्याजवळ रडू नगंस."

"मी कशाला रडू?" म्हणत स्वरूपा पळाली.

गेटबाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. तो जर्किन हातात घेऊन धुळीत उभा होता.

"निघायच्या आधी नियम काढून टाकलाय," तो म्हणाला. "आता सगळ्यांचे मेल आपापल्या नावानं जातील. शेवटचं काम."

"दोन वर्षं उशिरा."

"हो."

"तुमचा खासगी मेल सांगा."

त्यानं सांगितला. चार हात लांब उभी राहून तिनं मोबाइलवर टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. दापोडीच्या बसनं दोनदा हॉर्न मारला. त्याचा फोन वाजला. तो वाचायला लागला... आणि भलतंच काहीतरी दाबत बसला.

"चार ओळींना किती वेळ? काय बघताय?"

"हेडर. मधे कुणी हात लावलाय का ते."

"मग?"

त्यानं मान वर केली. चष्म्यावर धूळ होती. "कुणी नाही. तुमच्याकडून निघाला तो थेट माझ्याकडे. तुमच्या नावानं."

"राग गेलेला नाही माझा. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"वाचलं. पण मी खालून वाचतो."

सगळ्यांत खाली तिनं लिहिलं होतं — *रविवारी दापोडीला या. आईला सांगितलंय.*

"जर्किन द्या इकडं," ती करवादली. "बसमध्ये वारं लागतं."