शेवटचं पान आणि इंग्रज ओव्हरकोट

रविवारी सकाळी आठ वाजता लेओकादिया गोंडेकबाई कोंबडीच्या रश्श्यावरचा फेस काढत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात मालित्स्की मास्तर उभे होते. डोक्यावर हॅट नीट होती, पण पायांत घरातल्या सपाता.

"बाई, पान हरवलं," ते म्हणाले.

"कसलं पान?"

"शेवटचं."

बाईंनी गॅस बारीक केला आणि त्यांना खुर्ची दिली. विमा कंपनीत तीस वर्षं दाव्यांचं खरंखोटं करण्यात गेली होती त्यांची. निवृत्त झाल्या तरी पोलंडमधल्या या तोरुन गावची माणसं आपल्या हरवल्या-चोरल्याची गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडेच येत. मास्तर भूगोल शिकवत आणि गावच्या गायनवृंदाचा कारभार बघत. भला माणूस, पण गोष्ट सांगायला बसला की शेपटापासून सुरुवात करणार. बाईंनी उलटसुलट विचारून ती सरळ करून घेतली.

ती अशी. ब्रॅडफर्डचा एक गायनवृंद दोन दिवसांसाठी गावात आला होता. सांस्कृतिक देवाणघेवाण. एरवी एकमेकांवर तोफा रोखून बसलेल्या दोन बाजूंनी वर्षातून एकदा एकमेकांची गाणी ऐकायची. मे महिन्यात तोरुनच्या गायकांनी इंग्लंडला जायचं. बासष्ट साली तोरुनहून इंग्लंडला जायला मिळणं म्हणजे लॉटरीच. मास्तरांनी सगळ्यांचे अर्ज स्वतःच्या हातांनी भरले होते, एकेक तीन प्रतींत.

पाहुण्यांचे संचालक पिकर्सगिल साहेब एक नजराणा घेऊन आले होते. दीडशे वर्षांपूर्वी या गावच्या एका ऑर्गनवादकानं एक भजन रचलं होतं. त्याचं हस्तलिखित इथल्या ग्रंथालयात होतं, पण शेवटचं पान कुणा इंग्रज संग्राहकाच्या वहीत जाऊन बसलं होतं. ते आज दुपारी बारा वाजता, वॉर्साहून येणाऱ्या पाहुण्यासमोर, समारंभानं परत मिळणार होतं. काल संध्याकाळी कार्यक्रम झाला, साहेब हॉटेलवर जेवायला बसले, पान दाखवावं म्हणून ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात हात घातला, तर खिसा रिकामा.

"दीडशे वर्षांचं पान ओव्हरकोटात?" बाईंनी विचारलं.

"कॉम्रेड ओझुगही हेच विचारतात. ते म्हणतात, पान इंग्रजांनी आणलंच नव्हतं. इंग्रज म्हणतात, ओझुगच्या माणसांनी उचललं. आणि दोघंही माझ्याकडे बघतात."

ओझुग म्हणजे जिल्ह्याच्या सांस्कृतिक विभागाचे सेक्रेटरी. बारापर्यंत पान मिळालं नाही तर ते वॉर्साला कळवणार होते की दौरा रद्द करा. शिवाय चोर म्हणून एक नाव त्यांना द्यावंच लागणार होतं, आणि ते त्यांनी जवळपास ठरवलंही होतं. ते होतं दुभाषी आनिएलाचं. मध्यंतरात तिचा हात साहेबांच्या कोटाच्या खिशात होता, असं सभागृहाच्या दारात लोकांचे कोट सांभाळणाऱ्या कुनेगुंडाबाईंनी पाहिलं होतं.

"पोरगी काय म्हणते?"

"म्हणते, हात गार पडले होते." मास्तरांनी कपाळ पुसलं. "बाई, मला काहीच उमगत नाही. इंग्लंडला नेता का म्हणून पोरगी सहा महिने माझ्या मागे आहे. आणि ती असं करेल?"

बाईंनी रस्सा बंद केला. "आधी घरी जाऊन बूट घाला," त्या म्हणाल्या.

हॉटेलात पिकर्सगिल साहेब अंड्यासमोर बसून होते, खात नव्हते. उंच, पडेल खांद्यांचा, साठीचा माणूस. इंग्रजी बाईंना येत नव्हती, मास्तरांना नव्हती, साहेबांना पोलिश नव्हती. म्हणजे जिच्यावर संशय, तिनंच साक्षीचं भाषांतर करायचं होतं. आनिएला पर्स मांडीवर घट्ट धरून मध्ये बसली. पंचविशीची पोर, रात्रभर जागलेली दिसत होती. आपण कुठल्या नाटकात आलो आहोत ते मास्तरांना कळेना.

साहेबांनी सांगितलं की गाण्याच्या कोटाला खिसेच नसतात, म्हणून पान पातळ कागदात गुंडाळून ओव्हरकोटात ठेवलं. स्टेशनवर उतरल्यावर चाचपून पाहिलं, तेव्हा होतं. वृंदाचे बाकीचे लोक सभागृहात मागच्या दारानं गेले. साहेब तेवढे ओझुगबरोबर पुढच्या दारानं आले आणि कोट तिथं दिला.

तो प्रसंग मास्तर विसरले नव्हते. कुनेगुंडाबाईंनी कोट उलटापालटा करून पाहिला होता आणि सगळ्यांदेखत काउंटरवर परत टाकला होता. कॉलरला टांगायचा बंद नाही, आणि बंद नसलेला कोट मी घेत नाही, खुद्द मंत्र्याचा असला तरी, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी गयावया केली तेव्हा कुठं तो आत गेला. भाषांतर काय करावं या विचारानं आनिएला तेव्हा छताकडे बघत होती.

लेओकादियाबाईंनी खुर्चीवर पडलेला ओव्हरकोट उचलला. करड्या रंगाचा, जाड, आतून कापूस घातलेला, जुना. त्यांनी सगळे खिसे बाहेर काढून पाहिले. एकाही खिशाला भोक नव्हतं. आतल्या खिशाची शिवण त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिली. मग बाहीचं एक बटण बोटानं हलवलं. ते काळ्या जाड दोऱ्यानं, गाठी मारमारून, कसंबसं बसवलेलं होतं.

"कपडे कोण शिवून देतं यांना?"

साहेब कसनुसे हसले. बायको चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून सगळं स्वतःच करतो, असं त्यांनी सांगितलं आणि अभिमानानं ते बटण दाखवलं.

"कोटात आणखी काही होतं का, विचार."

आनिएलानं विचारलं. साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग अंड्याकडे पाहिलं.

"हातरुमाल," आनिएला म्हणाली. "बाकी काही नव्हतं, म्हणतात."

बाईंनी मान डोलावली आणि कोट भिंतीवरच्या खुंटीला कॉलरच्या बंदानं अडकवला. तो सरळ, झकास लटकला. निघताना दारात त्यांनी आनिएलाला एकच प्रश्न विचारला, वडील काय करतात?

"नाहीत. चव्वेचाळीस साली गेले."

ते खरं होतं, निदान अर्जावर तरी. मास्तरांनी तो रकाना स्वतःच भरला होता.

सभागृहात कुनेगुंडाबाई आपल्या काउंटरमागे, समारंभाआधीच्या शांततेत, काळ्या एप्रनचा फाटलेला काठ तपकिरी दोऱ्यानं टाचत बसल्या होत्या. मास्तरांनाही ते ओळखीचं वाटलं. ऑक्टोबरपासून दुकानांत तपकिरीखेरीज दोराच नव्हता. त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या शर्टाची बटणंही तपकिरी दोऱ्यावर होती.

"चोवीस वर्षं इथं उभी आहे," कुनेगुंडाबाई म्हणाल्या. "लढाई आली, गेली. एक हातमोजा हरवला नाही माझ्याकडून. त्या इंग्रजाच्या खिशातून मी काही काढलं नाही, ट्रामचं तिकीटसुद्धा नाही. हवं तर तपासा मला."

"आनिएलाचा हात खिशात होता, हे खरं?"

"ओझुगनं विचारलं, होता का? होता म्हटलं. मी खोटं बोलत नाही."

"कोणता खिसा?"

"बाहेरचा. उजवा."

"आणि पान तर आतल्या खिशात होतं," मास्तर हळूच म्हणाले. मुलीनं काही घेतलं असेल तर ते पान नव्हे, आणि घेतलंच नसेल तर तिथं गेली कशाला? लेओकादियाबाई मात्र सुईकडे बघत होत्या.

"मास्तर, साडेअकराला सगळ्यांना इथं बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि साहेबांना सांगा, ओव्हरकोट घालून या."

साडेअकराला काउंटरपाशी कुनेगुंडाबाई धरून सहा माणसं जमली. ओझुग बुटके, थकलेले, सारखे घड्याळ बघणारे. त्यांच्या हातात दौऱ्याची यादी होती. पिकर्सगिल साहेब कोटात घामाघूम झाले होते. आनिएला भिंतीला टेकून उभी होती. साहेबांपुरतं ती पुटपुटत भाषांतर करत होती, आपल्यावरच्या आरोपाचंही.

"कॉम्रेड, चोरी झालेलीच नाही," लेओकादियाबाईंनी सुरुवात केली.

"मग पान कुठं आहे?"

"सांगते. काल याच काउंटरवर या कोटाला टांगायचा बंद नव्हता म्हणून तमाशा झाला. तुम्हीही होतात. आज सकाळी मी हाच कोट खुंटीला बंदानं टांगला. रात्रीत इंग्रज कोटाला बंद फुटतो का?"

खुंटीवर लटकलेला तो कोट मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"साहेब स्वतःच शिवतात, पण कसं, ते त्या बटणावर दिसतं. बंद मात्र सुबक टाक्यांचा आहे, आणि दोरा तपकिरी. आता आतला खिसा बघा. तळाची शिवण तशीच सुबक, तसाच तपकिरी दोरा. तीस वर्षं मी भोकं शोधली आहेत, कॉम्रेड. इथं मात्र भोक असायला हवं होतं ते बुजवलेलं सापडलं."

ओझुगनी भुवया उंचावल्या.

"खिसा फाटका होता, साहेबांना पत्ता नव्हता. स्टेशनवरून येताना पान त्या भोकातून खाली अस्तरात घसरलं. कोट इथं आला. गाणं सुरू झाल्यावर इथल्या एका बाईला राहवेना. परक्या देशाचा पाहुणा, कोटाला बंद नाही, खिसा फाटलेला, बटण कसंबसं बसवलेलं. अशा कोटानं तो तोरुनमधून परत गेला तर लाज कुणाची? म्हणून बंद लावला, खिसा शिवला. खाली काय घसरलंय ते तिला माहीत नव्हतं. नंतर सगळ्यांनी खिसे चाचपले, एकही फाटका नाही, मग अस्तर कोण उसवणार?"

कुनेगुंडाबाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"मला विचारलं, काही काढलं का," त्या म्हणाल्या. "मी काही काढलं नाही. कुणाचा खिसा फाटका आहे हे चारचौघांत सांगायचं असतं होय? माणूस विधुर दिसत होता."

लेओकादियाबाईंनी कात्री मागितली. कुनेगुंडाबाईंनी ती दिली नाही. स्वतःच कोट घेतला आणि खालच्या काठाचे चार टाके उसवले. अस्तराच्या तळातून पातळ कागदाची घडी निघाली. आत पान होतं, एका कोपऱ्याला दुमडलेलं, बाकी शाबूत. पिकर्सगिल साहेबांनी ते दोन्ही हातांत धरलं. दुमडलेला कोपरा त्यांनी अंगठ्यानं सरळ केला.

मास्तरांना हायसं वाटलं, आणि तेवढ्यात ओझुग म्हणाले, "ठीक. मग पोरीचा हात खिशात कशासाठी होता?"

मास्तरांनी लेओकादियाबाईंकडे पाहिलं. त्या काउंटरच्या लाकडाकडे बघत होत्या, आणि त्यांना उत्तर माहीत आहे पण त्या देणार नाहीत, एवढं त्या सकाळी पहिल्यांदाच मास्तरांना आपलं आपण कळलं. आनिएलाची बोटं पर्सवर पांढरी पडली होती.

"मी पाठवली होती," कुनेगुंडाबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"शिवलेला खिसा पक्का बसलाय का, हात घालून बघ म्हटलं. माझे डोळे आता चालत नाहीत."

"बाहेरच्या खिशात?"

"तोही शिवला होता. सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलंत फक्त, हात होता का. होता."

चोवीस वर्षांत एक हातमोजा न हरवलेली बाई ओझुगच्या डोळ्यांत डोळे घालून उभी होती. ओझुगनी घड्याळ पाहिलं. वॉर्साची गाडी आली असणार. त्यांनी पेन काढलं.

"दौऱ्याला माझी हरकत नाही. फक्त दुभाषी वॉर्साहून येईल, तसा नियम आहे. गायकांखेरीज कुणी जाणार नाही." आणि त्यांनी आनिएलाच्या नावावर पेन टेकवलं.

"पण कॉम्रेड, ती गातेच," मास्तर म्हणाले.

हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, हे त्यांना ते संपल्यावर कळलं.

"गाते?"

"आल्टोत, बायकांच्या खालच्या सुरात. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. काल दुभाषी म्हणून खाली बसली, एवढंच."

ओझुगनी मास्तरांकडे पाहिलं. मग 'दुभाषी' हा शब्द खोडला, वर 'आल्टो' लिहिलं, सही केली आणि ते दाराकडे धावले. साहेब पान आणि कोट घेऊन त्यांच्या मागे गेले.

आनिएला काउंटरमागच्या स्टुलावर मटकन बसली. कुनेगुंडाबाई पाठ वळवून कोट नीट लावू लागल्या, तसे तिथं कोट नव्हतेच.

"मास्तर, मला एक ओळ सुरात म्हणता येत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. आमचे निम्मे खर्जवाले नुसतं तोंड हलवतात. पण पोरी, आता तरी सांग. खिशात काय होतं?"

तिनं लेओकादियाबाईंकडे पाहिलं. बाईंनी होकार दिला. पर्समधून एक जाडसर पाकीट निघालं, अजून न फोडलेलं. लढाईनंतर वडील परत आले नव्हते. इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्या पोलिश सैन्यात होते, नव्या सरकारच्या लेखी ते चुकीचं सैन्य; आले असते तर तुरुंगात गेले असते. आईनं सगळ्या अर्जांवर 'मृत' लिहिलं आणि पुढे तेच चालू राहिलं. ते ब्रॅडफर्डच्या गिरणीत कामाला होते. साहेबांनी पत्र आणलं, चारचौघांत देता येणार नाही म्हणून उजव्या खिशातून घे, असा निरोप दिला. एकोणचाळीस साली वडील लढाईवर निघाले तेव्हा ती दोन वर्षांची होती.

"रात्रभर फोडलं का नाहीस?"

"चोर ठरवून मला जाऊच दिलं नसतं, तर त्यात लिहिलेलं 'ये' वाचायची हिंमत झाली नसती."

आता तिनं ते फोडलं. एकच पान होतं. वाचता वाचता ती थांबली, आणि पुढचं मोठ्यानं वाचू लागली, भाषांतर केल्यासारखी, एकेक शब्द सुटा करून.

"'मे महिन्यात तुमच्या गाण्याला हॉलमध्ये मी लवकर येऊन बसेन. पण माझ्याकडे तुझा फोटो नाही, आणि तुझ्याकडे माझा नसणार. एवढ्या बायकांत तू कोणती, हे मला कसं कळणार? तेवढं साहेबांबरोबर लिहून पाठव.'"

तिनं पत्र खाली ठेवलं. कुनेगुंडाबाईंनी काउंटरवरची पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"लिही," मालित्स्की मास्तर म्हणाले. वर्गात नद्यांची नावं सांगताना लावत तोच आवाज त्यांनी लावला होता, पण तो नीट लागत नव्हता. "दुसरी रांग. डावीकडून तिसरी."